लाळ गळण्यावरची औषधं (ग्लायकोपायरोलेट वगैरे) : अनुभव हवेत

चाफेकळी
बाबांना (वय ७४) पार्किन्सन्स आहे. थरथर गोळ्यांनी बरीच आटोक्यात आहे, चालणंही ठीक. पण गेल्या वर्षभरात लाळेचा त्रास फार वाढलाय. बसल्या बसल्या डाव्या कोपऱ्यातून ओघळते, कॉलर ओली, पेपर वाचताना पेपरावर थेंब. तोंडाने कधी तक्रार केली नाही त्यांनी, पण संध्याकाळी कट्ट्यावर जाणं हळूहळू बंद केलं. कुणाचा फोन आला तरी आधी रुमाल शोधतात.

न्यूरॉलॉजिस्टनी ग्लायकोपायरोलेट १ मिग्रॅ लिहून दिलंय. आधी दिवसातून एकदा, मग बघून दोनदा. केमिस्टकडे गेले तर त्याने धाप लागण्यावरचा इन्हेलर पुढे केला, म्हणे या नावाचं हेच येतं. शेवटी दुसऱ्या दुकानातून गोळी मागवून घेतली. मग नेटवर दुष्परिणाम वाचले आणि पाकीट तसंच कपाटात ठेवलंय. लघवी अडकू शकते, पोट साफ होत नाही, नजर धूसर. बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे आणि बद्धकोष्ठ तर पार्किन्सन्सच्या सोबतीनं आलेलंच.

कोणी घेतलंय का हे औषध, घरात कोणाला दिलंय का? खरंच फरक पडतो का? "डॉक्टरांना विचारा" एवढाच सल्ला नको, त्यांना विचारणारच आहे. पण काय काय विचारायचं ते तरी कळू दे.

ओसरीवरचा
वाचतोय. आईसाठी हाच प्रश्न आहे.

खडूस_म्हातारा
चाफेकळीताई, मी स्वतः पेशंट आहे. पार्किन्सन्स जुना, लाळ नंतर आली. तुमच्या बाबांनी कट्टा का सोडला ते मला विचारा. समोरचा माणूस बोलताना आपल्या डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडे बघायला लागला की कट्टा नकोसा होतो.

हीच गोळी घेतो. फरक पडतो, अगदी पडतो. पण मी तीन वेळा वगैरे घेत नाही. डॉक्टरांशी बोलून असं ठरवलं की बाहेर जायचं असेल, लग्नकार्य असेल, कोणी येणार असेल त्या दिवशी घ्यायची. निघायच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी. भरल्या पोटी, त्यातून तळलेलं वगैरे खाल्लेलं असेल तर गोळी नीट लागू पडत नाही. एकदा नातवाच्या मुंजीत आधी जिलबी आणि मग गोळी असा क्रम झाला, दुपारभर रुमाल हातात.

आता किंमत काय मोजावी लागते ते सांगतो. तोंड इतकं कोरडं होतं की भाकरीचा घास टाळूला चिकटून बसतो. आमटीत बुडवल्याशिवाय गिळता येत नाही. आणि ज्यांना कवळी आहे त्यांनी खास लक्षात ठेवा, कवळी थुंकीवर धरून राहते. थुंकी आटली की ती सुटते. मंगलाष्टकं म्हणता म्हणता वरची कवळी खाली आली होती माझी. आता खिशात पाण्याची छोटी बाटली असते, कवळी बसवायच्या आधी ओली करून घेतो.

घरी असलो की गोळी नाही. घरी लाळ गळली तर गळली, कोणाच्या बापाचं काय जातं!

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. हे औषध इंजेक्शनच्या रूपात रोज वापरतो, ऑपरेशनच्या वेळी तोंडात आणि श्वासमार्गात स्राव साचू नयेत म्हणून, आणि भूल उतरवताना दुसऱ्या एका औषधाच्या जोडीला. त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफ करा.

पहिली गोष्ट. पार्किन्सन्समध्ये लाळ जास्त तयार होते असं सगळ्यांना वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं, उलट कमीच तयार होत असते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ येते आणि आपण नकळत आवंढे गिळत राहतो. पार्किन्सन्समध्ये हे आपोआप आवंढा गिळणं मंदावतं, मान पुढे झुकते, ओठ नीट मिटलेले राहत नाहीत. नळ जोरात सुटलेला नाही, मोरी तुंबलीय. खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली हे लिहून ठेवलंय की लाळ घशाकडे ढकलली जात नाही म्हणून तोंडातून गळते. त्यामुळे गोळी देऊन आपण नळ बारीक करतो, मोरी तशीच राहते. म्हणूनच आजोबांनी लिहिलेली कोरड येते.

दुसरी गोष्ट. हेच औषध का? लाळ आटवणारी औषधं बरीच आहेत. अ‍ॅट्रोपीन, हायोसिन, ट्रायहेक्सीफेनिडिल सगळी एकाच घराण्यातली. पण ती मेंदूत शिरतात. वयस्कर माणसाला त्यानं विसरायला होतं, गोंधळ उडतो, भास होतात. पार्किन्सन्सच्या म्हाताऱ्या पेशंटला आधीच भासांची भीती असते. ग्लायकोपायरोलेटच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असल्यामुळे ते मेंदूत फारसं जात नाही. तेवढाच फायदा. बाकी मूत्राशय, आतडं, डोळे, घाम यांच्यावर त्याचा अंमल होतोच.

बाबांसाठी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे. प्रोस्टेट किती वाढलंय, लघवीनंतर मूत्राशयात किती उरते (सोनोग्राफीत कळतं), आणि यूरॉलॉजिस्टची या गोळीला हरकत आहे का. काचबिंदू आहे का, विशेषतः अरुंद कोनाचा. मूत्रपिंडाचं काम कसं आहे, कारण औषध बरंचसं तिथूनच बाहेर जातं. पोटॅशियमची गोळी चालू आहे का, कारण आतडं मंदावलं की ती एकाच जागी पडून राहते आणि जखम करू शकते. आणि आधी सगळ्या औषधांची यादी एकदा समोर ठेवा. स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्मीन चालू असेल तर त्याने लाळ वाढते. एका हाताने वाढवायची आणि दुसऱ्या हाताने आटवायची, असं होऊ नये.

अजून एक, सहज विचारतो. जेवणानंतर सुपारी खातात का?

चाफेकळी
डॉक्टर, खातात! भाजकी सुपारी, डबा उशाशीच असतो. का?

भूलवाला
सुपारीतलं अरेकोलीन लाळ सोडवणारं आहे. या गोळीच्या बरोब्बर उलट काम. आधी डबा हलवा.

खडूस_म्हातारा
डॉक्टर, एवढं एकच सुख राहिलं होतं त्या माणसाला.

चिंगीची_आई
मी दुसऱ्या टोकाची. माझी लेक सहा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही). तिला लाळेरं बांधून बांधून मान लाल व्हायची, हनुवटीखाली कायम चट्टा. दिवसाला किती लाळेरी लागायची ते मोजणं मी कधीच सोडलं. शाळेत बाई चांगल्या होत्या, पण वह्या ओल्या, खेळणी ओली, मग बाकीची पोरं तिच्या हातचं काही घ्यायची नाहीत. ते बघून मी औषधाचा नाद धरला.

लहान मुलांत या औषधाचा डोस वजनावर ठरतो. आमच्या डॉक्टरांनी ०.०२ मिग्रॅ प्रतिकिलोने सुरू केलं, दिवसातून तीनदा. चिंगी १५ किलोची, म्हणजे एका वेळी ०.३ मिग्रॅ. आता १ मिग्रॅच्या गोळीतून ०.३ कशी काढायची? पातळ औषध आमच्याकडे मिळालं नाही. डॉक्टरांच्या नर्सने शिकवलं: गोळी दोन चमच्यांमध्ये चुरायची, १० मिली पाण्यात घालायची, नीट हलवायची आणि सिरिंजने ३ मिली ओढायचे. खाली पांढरा गाळ बसतो, म्हणून ओढायच्या अगदी आधी परत हलवायचं. उरलेलं ओतून द्यायचं, ठेवायचं नाही. जेवणाच्या आधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी. शाळेच्या डब्याच्या वेळा सांभाळताना नाकी नऊ येतात. (हे माझ्या लेकीचं गणित आहे, तुमच्या मुलाचं वजन वेगळं, डॉक्टरांकडून काढून घ्या.)

दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. एका टप्प्यावर लाळेरं दुपारपर्यंत कोरडं राहायला लागलं. त्या दिवशी मी आणि सासूबाई दोघी लाळेरं हाताने चाचपून बघत होतो. मग अजून थोडं वाढवलं आणि तिथे बिनसलं. गाल लालेलाल, चिडचिड, रात्री झोप नाही. शी होईना. आणि मुख्य म्हणजे लंगोट बराच वेळ कोरडा. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की शू किती वेळा होते यावर लक्ष ठेवा, म्हणून लगेच कळलं. एक पायरी खाली आलो आणि तिथेच थांबलो. आता लाळ गळतेच, पण कमी. लाळेरं लागतंच, पण मोजकी.

औषधाच्या जोडीला स्पीच थेरपिस्टने ओठ मिटायचा आणि गिळायचा सराव दिला. खुर्चीत मान सरळ राहील अशी उशी शिवून घेतली, त्याचाही उपयोग झाला. नाक चोंदलेलं असेल तर मूल तोंड उघडं टाकतं आणि लाळ गळते, म्हणून कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. आमच्या एका ओळखीच्या मुलाचं अ‍ॅडेनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ) काढल्यावर अर्धं काम झालं. आणि दात! लाळ कमी झाली की दात किडतात. सकाळ-संध्याकाळ घासणं सोडू नका.

घरचावैद्य
एवढ्या गोळ्या कशाला? आमच्या आजोळी तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या देत. धोत्र्याचं पान चुरून चघळायला दिलं तरी लाळ आटते, जुन्या लोकांना माहीत होतं.

भूलवाला
आटणारच. धोत्र्यात अ‍ॅट्रोपीन आणि हायोसिन दोन्ही असतात. फक्त कुठल्या पानात किती हे झाडालाही माहीत नसतं. धोतरा पोटात गेलेले रोगी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, अंग तापलेलं, भ्रमिष्ट अशा अवस्थेत कॅज्युअल्टीत आणतात. कृपा करून हे कोणीही करू नका. तुरटीच्या गुळण्या ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांना देऊ नका, ठसका लागून पाणी श्वासनळीत जाईल.

घरचावैद्य
पूर्वीची माणसं काय वेडी होती का?

खडूस_म्हातारा
धोतरा चघळून झाली असतील.

ऊनकरी
चंद्रपूरहून लिहितोय. कोणीच घामाचं बोललं नाही म्हणून. माझ्या काकाला पक्षाघातानंतर लाळ गळायची, हीच गोळी लावली होती. हिवाळ्यात सगळं मस्त चाललं. एप्रिल लागला आणि काका दुपारी अंगणात बसला होता, अंग तव्यावानी तापलं, घामाचा टिपूस नाही. या औषधाने घाम कमी होतो, अन् आमच्याकडे पारा ४५ च्या वर जाते. घाम नाही तं अंग थंड कसं होणार? वेळेवर सावलीत आणलं, ओल्या फडक्याने पुसलं, दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. आता डॉक्टरनं उन्हाळ्यात डोस कमी केला आहे आणि ११ ते ५ घराबाहेर नाही. विदर्भ, मराठवाडा, खान्देशवाल्यांनी हे विसरू नये भाऊ.

चाफेकळी
हे कोणी सांगितलंच नव्हतं. आभारी आहे दादा.

पहाटवारा
माझा अनुभव वेगळ्या आजाराचा. लहान भावाला स्किझोफ्रेनिया आहे, क्लोझापीन चालू आहे. त्या गोळीने माझा भाऊ आम्हाला परत मिळाला, त्यामुळे तिच्याविरुद्ध शब्द नाही. पण रात्री लाळ इतकी की अभ्रा पिळून निघेल. झोपेत ठसका लागून तो दचकून उठायचा. सकाळी उठल्यावर स्वतःची उशी लपवायचा.

आधी उशीवर टॉवेल, कुशीवर झोपणं असे प्रकार केले. मग मानसोपचारतज्ज्ञांनी अ‍ॅट्रोपीनचे डोळ्यांत घालायचे थेंब जिभेखाली द्यायला सांगितले, रात्री झोपताना एकच थेंब. ऐकायला विचित्र वाटतं पण तसे वापरतात. थोडा उपयोग झाला. थेंब मोजताना हात थरथरला तर दोन पडतात, आणि इथे एक-दोनचा फरक मोठा आहे, म्हणून बाटली माझ्या ताब्यात.

नंतर दुसऱ्या एका ठिकाणी ग्लायकोपायरोलेट सुरू केलं. लाळ थांबली. पण पोटही थांबलं. क्लोझापीन स्वतःच आतडं मंद करतं, त्यावर ही गोळी म्हणजे दुहेरी मार. भाऊ सांगत नाही, विचारलं तर "ठीक आहे" म्हणतो. पोट फुगलं, ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा कळलं. दवाखान्यात काही दिवस काढावे लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये क्लोझापीनच्या बद्धकोष्ठाबद्दलचा इशारा मुद्दाम कडक केला, हे मला त्यानंतर समजलं. गोळी लिहून देणाऱ्याने पोटाचं एका शब्दाने विचारलं नव्हतं.

आता ग्लायकोपायरोलेट बंद. क्लोझापीनचा डोस डॉक्टरांनी थोडा खाली आणला, पोट साफ राहण्याचं औषध रोज, आणि रात्री तो एक थेंब. संडासला झाली की नाही याची खूण भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतो. पाहुणे आले की विचारतात हे काय, मी सांगतो दूधवाल्याचा हिशोब.

चिंगीची_आई
पहाटवारा, कॅलेंडर आमच्याकडेही आहे. निळं पेन शू, लाल पेन शी.

अनिवासी_आत्या
मी न्यू जर्सीहून. माझ्या मुलाला (सेरेब्रल पाल्सी, आता कॉलेजच्या वयाचा) इथे हेच औषध पातळ रूपात मिळायचं. ३ ते १६ वयाच्या मुलांसाठी ते २०१० मध्ये मंजूर झालं, ५ मिलीत १ मिग्रॅ, त्यामुळे चिंगीच्या आईसारखी गोळी चुरायची वेळ आली नाही. इन्शुरन्सवाल्यांशी मात्र भांडावं लागलं.

उपयोग झाला, पण तो चिडका व्हायचा. बोलता येत नाही त्याला, म्हणून तोंड कोरडं पडलंय हे सांगायचा त्याचा मार्ग म्हणजे समोरचं ताट भिरकावणं. आम्ही तो त्याचा हट्टीपणा समजून बसलो होतो, थेरपिस्टने औषधाच्या वेळांशी ताडून बघितलं तेव्हा उलगडलं.

मग बोटुलिनम टॉक्सिनची (बोटॉक्स) इंजेक्शनं घेतली. सुरकुत्यांसाठी देतात तेच, पण इथे लाळग्रंथींमध्ये: कानापुढच्या दोन आणि जबड्याखालच्या दोन. सोनोग्राफीत बघत सुई घालतात. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागले, मग तीन-चार महिने बरं चालतं, मग परत. आतडं, मूत्राशय, घाम कशालाच धक्का नाही. धोका एवढाच की औषध आजूबाजूच्या स्नायूंत पसरलं तर गिळायला त्रास होतो. एका वेळेला काही दिवस त्याला घट्ट खिचडीसुद्धा जड गेली होती.

कर्जतकर
बोटॉक्सबद्दल मीही लिहितो. माझ्या पत्नीला मोटर न्यूरॉन आजार (हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा) होता. तिच्या बाबतीत गिळणंच जवळपास बंद झालं होतं, त्यामुळे लाळ आत जाण्याऐवजी घशाशी साचायची. ग्लायकोपायरोलेटने पातळ लाळ कमी झाली, पण कफ इतका चिकट झाला की खोकून निघेना. तोंडाची लाळ आणि छातीतला कफ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोळी दोन्ही वाळवते. सक्शन मशीनची नळी आत घातली तरी दोरीसारखा कफ चिकटून राहायचा.

डोस कमी केला, मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने दिली, पोटातल्या नळीतून पाणी वाढवलं. मग जरा मोकळं झालं. इथे "पूर्ण कोरडं" हे ध्येय ठेवायचं नाही असं आमच्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर म्हणायच्या, पुसता येईल इतकी ओल राहू द्या. ते पटलं. नंतर लाळग्रंथींत इंजेक्शन घेतलं आणि शेवटचे महिने त्यातल्या त्यात बरे गेले.

ओसरीवरचा
कर्जतकर, _/\_

आईच्या यादीत डोनेपेझिल सापडलं. लाळ त्याच्या नंतरच सुरू झाली, तारखा ताडून बघितल्या. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी भेटायला बोलावलंय. आपण होऊन बंद करणार नाही.

चाफेकळी
इथले प्रश्न कागदावर उतरवून नेले. यूरॉलॉजिस्टनी सोनोग्राफी करून घेतली, लघवी थोडी उरते पण काळजीचं नाही म्हणाले. न्यूरॉलॉजिस्टनी अर्ध्या गोळीपासून सुरुवात करायला सांगितलं, तीही फक्त दुपारी चारला. म्हणजे जेवण पचलेलं आणि कट्ट्याची वेळ गाठता येते. इसबगोल आणि पाणी वाढवलंय. सुपारीचा डबा कपाटात वर ठेवलाय, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

फरक आहे. कॉलर ओली होतच नाही असं नाही. पण काल पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेला स्वतःहून "चल" म्हणाले. तिथेही निम्म्या लोकांच्या हातात रुमाल होते, ते बघून बाबा जास्त सैलावले की गोळीमुळे, ते मला सांगता येणार नाही. एका काकांनी सांगितलं की ते मोबाइलवर दर काही मिनिटांनी हलका गजर लावतात, गजर झाला की आवंढा गिळायचा. बाबांनी लगेच लावून घेतला. आता जेवतानाही वाजतो, आई वैतागलीय.

भूलवाला डॉक्टर, या गोळीने लेव्होडोपाच्या (बाबांच्या पार्किन्सन्सच्या गोळीच्या) परिणामात काही फरक पडतो का?

भूलवाला
पडू शकतो. पोट रिकामं व्हायला वेळ लागला की लेव्होडोपा आतड्यात उशिरा पोचतं. पुढच्या डोसचा परिणाम उशिरा सुरू होतोय असं वाटलं तर वेळ लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत दाखवा. आणि बोलताना अचानक असंबद्धपणा, नवे भास, लघवीची घाई असून होत नाही, असं काही झालं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

खडूस_म्हातारा
गजराची युक्ती मस्त. मी लिमलेटसारखी गोळी चोखायचा प्रयोग केला होता, बिनसाखरेची. चोखताना आपोआप गिळलं जातं. पण ज्यांना ठसका लागतो त्यांनी नको. आमच्या मित्राच्या घशात अडकली होती.

चिंगीची_आई
अनिवासी आत्या किंवा कोणीही: कोल्हापूर-सांगली भागात लहान मुलांना सोनोग्राफीत बघून लाळग्रंथींत इंजेक्शन देणारं कोणी माहीत आहे का? आमचे डॉक्टर पुण्याला जा म्हणतात. भूल द्यावी लागेल का?

भूलवाला
सहा वर्षांच्या मुलाला बहुतेक ठिकाणी थोडी झोपेची भूल देतात, कारण हालचाल झाली तर सुई चुकते. त्या दिवशी भूलतज्ज्ञांना ग्लायकोपायरोलेट चालू असल्याचं आणि शेवटचा डोस कधी दिला ते नक्की सांगा. ठिकाणाबद्दल तुमच्या विपूत (विचारपुशीत) लिहिलंय, बघा.